प्रमाणित भाषांतर

पानाला साठ रुपये घेतो मी,
मराठीचं कन्नड, कन्नडचं इंग्रजी. शिक्क्याचे वेगळे.
बेळगावात ग्राहक आयोगाच्या जिन्याखाली
झेरॉक्सवाल्याला लागून माझं टेबल,
एक पाय आखूड, त्याखाली कुणाचा तरी जुना उतारा.

आज भरमाण्णा कडोलकरांचं शपथपत्र.
बायको नागव्वा, वय एकेचाळीस, पाय सुजला म्हणून
खानापुरात स्टेशन रोडच्या दवाखान्यात नेली.
इंजेक्शन दिलं.
साडेनऊ वाजायला अजून अवकाश होता.

परिच्छेद सात:
"रात्री बाई स्वतः बाहेर आल्या,
पायरीवर माझ्याशेजारी बसल्या आणि बोलल्या,
चुकी झाली माझी. विचाराय पाहिजे होतं मी,
ह्या औषधाचा पहिला कधी त्रास झालता काय म्हणून."

डॉक्टर गंगांबिका हंपण्णवर घरी कन्नड बोलतात.
त्या रात्री त्या त्याच्या भाषेत गेल्या,
दुसऱ्याच्या घरात शिरताना चप्पल बाहेर काढावी तशा.
हे शपथपत्रात नाही. हे मी म्हणतो.

कन्नडात मी लिहिलं, तप्पायतु.
बसमध्ये पायावर पाय पडला, तप्पायतु री.
पोरानं कप फोडला, तप्पायतु म्हण, सोडून देतो.
पण तप्पु म्हणजे अपराधही.
आणि तिथून इंग्रजीत गेला की
त्या शब्दाला कुणी बसा म्हणत नाही,
थेट पिंजऱ्यात उभा करतात:
हलगर्जी कबूल.

विमा कंपनीचं पत्रही माझ्याच हातून गेलेलं.
लेखी वा तोंडी दोष मान्य करू नये.
खेद व्यक्त करू नये.
केल्यास संरक्षण मिळणार नाही.
खेदाला मी विषाद लिहिलं. साठ रुपये.

वकील सदलगेकर बशीत चहा ओतत सांगतात,
"कुठल्या कुठल्या मुलखात कायदाच आहे म्हणे,
डॉक्टरची माफी पुराव्यात धरायची नाही.
त्यातही गंमत बघा, काही ठिकाणी
नुसती हळहळ माफ, चूक बोललात तर धरणार.
म्हणजे वाईट वाटलं म्हणायचं,
कशाचं ते म्हणायचं नाही."
आणि आपल्याकडे?
"आपल्याकडे तसं कलम नाही.
म्हणून मी अशिलाला सांगतो, तोंड मिटा."
सदलगेकर बाईंचे वकील आहेत. माणूस वाईट नाही.

बाईंचं उत्तर आलं. परिच्छेद सात: नाकबूल.
असे काही म्हटलेले नाही.
तक्रारदाराचा गैरसमज झाला असावा,
मला मराठी नीट येत नाही.

हे मी भरमाण्णाला मराठीत वाचून दाखवलं.
बराच वेळ तो शिक्क्याच्या डबीकडे बघत राहिला.
"मी केस घालणारच नव्हतो," म्हणाला.
"त्या रात्री मीच त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं.
बाराव्याला येतील वाटलं. मग फोन उचलंनात.
आता म्हणतात मराठीच येत नाही.
मग त्या पायरीवर रडलं कोण?"
पैशाचं काय ते वकील बघतील, म्हणाला,
मला ते सात नंबरचं परत पाहिजे.

दुपारी साहेब रजेवर निघाले. सगळे खाली उतरले.
जिना अरुंद. भरमाण्णा शेवटच्या पायरीवर
बिडी विझवत बसलेला, पाय आत घ्यायचा राहिला,
आणि बाईंची टाच त्याच्या अंगठ्यावर.

अय्यो, तप्पायतु.

सदलगेकरांनी त्यांचा कोपर धरला.
"असू दे," भरमाण्णा म्हणाला,
वर कोण आहे ते बघायच्या आधीच.
मग बघितलं.

याचं भाषांतर कुणी मागितलेलं नाही.
पुढची तारीख एकोणीस.